कात्री एकच, मग इंग्रजीत अनेकवचन का? लेकीच्या वहीवरून पडलेले प्रश्न

सुईदोरा

नमस्कार. कराडला माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत, सगळं मराठीतून. लेक चौथीत, सेमी इंग्रजीला. शाळा सुटली की ती दुकानातच कोपऱ्यात बसून अभ्यास करते, मी मशीनवर असते.

मागच्या आठवड्यात तिला 'माय ग्रँडफादर' यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. कुणाला न विचारता तिने लिहिल्या. वही परत आली ती लाल शाईने भरून. चुकलेली वाक्यं मराठी अक्षरांत देते.

'माय ग्रँडफादर आर अ फार्मर.' 'ही हॅज टू ऑक्सेस अँड फाइव्ह शीप्स.' 'हिज हेअर्स आर व्हाइट.' 'ही वेअर्स अ व्हाइट पायजमा.' 'माय मदर हॅज अ बिग सिझर.'

बाजूला बरोबर शब्द लिहून दिलेत आणि प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायला सांगितलाय. तिने लिहिले. पण रात्री जेवताना विचारते, "आई, पुष्कळ असले की एस लावायचा असं शाळेतच शिकवलं ना? मग मी लावला तर चुकलं कसं? आणि तुझी कात्री एकच आहे, तिला एस का?"

"तसंच असतं" म्हणून मी विषय संपवला आणि नंतर मलाच चुटपुट लागली. गिऱ्हाइकाला मी असं कधी सांगत नाही. ब्लाउज मुंढ्यात खेचत असेल तर का खेचतोय ते दाखवून देते. लेकीला मात्र 'तसंच असतं'?

इंग्रजी अनेकवचनाचा नियम नेमका आहे तरी काय? आणि घोकून घेण्याशिवाय दुसरी काही वाट आहे का? जाणकारांनी सांगावं.

खडूफळा

ताई, मी सातारा जिल्ह्यातच एकतीस वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकवले. मी लागलो तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होते, २००० साली ते पहिलीपासून आले. त्यामुळे दोन्ही वयांची मुले मी पाहिली आहेत. तुमच्या लेकीची वाक्ये वाचून मला फार आनंद झाला. या पाचही वाक्यांतल्या चुका विचार करणाऱ्या मुलीच्या आहेत.

आधी 'ऑक्सेस' आणि 'शीप्स' घेऊ. १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को या संशोधक बाईंनी चार ते सात वर्षांच्या मुलांना एका पक्ष्यासारख्या प्राण्याचे चित्र दाखवले. म्हणाल्या, हा 'वग'. मग तसेच दोन दाखवून विचारले, आता हे दोन कोण? मुले म्हणाली, 'वग्ज'. असा शब्द जगात नव्हताच, म्हणजे पाठ केलेला असण्याचा प्रश्न नाही. मुलांनी नियम स्वतःच्या डोक्याने लावला. तुमच्या लेकीने 'ऑक्सेस' लिहिले तेव्हा नेमके हेच केले. इंग्रज घरातली लहान मुलेही 'फूट्स' आणि 'माउसेस' म्हणतात, काही काळाने सोडून देतात. ज्या मुलाने 'टू ऑक्स' लिहिले असते त्याची मला जास्त काळजी वाटली असती.

आता 'ग्रँडफादर आर'. ही चूक इंग्रजीची नाहीच, आपल्या घरातली आहे. आपण 'आजोबा आला' म्हणत नाही, 'आजोबा आले' म्हणतो. आदर दाखवायला मराठी एका माणसाला अनेकवचनात बसवते. लेकीने तो आदर इंग्रजीत नेला. इंग्रजी क्रियापद आदर ओळखत नाही, माणूस एक असला की 'इज', मग तो राजा असो. हे एवढे एक वाक्य तिला सांगा. मी वर्गात 'आजोबा आले' आणि 'बैल आले' ही दोन वाक्ये शेजारी लिहून विचारायचो, आलेले किती? मुले लगेच ओळखायची. मग 'इज' आणि 'आर' पुन्हा सांगावे लागत नसे.

'हेअर्स आर व्हाइट' हेही तसेच. आपण म्हणतो केस पांढरे झाले, केस गळतात. इंग्रजी डोक्यावरच्या सगळ्या केसांना एक वस्तू समजते, पाण्यासारखी किंवा कापसासारखी, म्हणून 'हेअर इज'. शिवलेल्या ब्लाउजवर दोन सुटे केस चिकटले असतील तर मात्र 'टू हेअर्स' बरोबर, कारण तिथे ते मोजले. यात इंग्रजी विचित्र आणि आपण सरळ असे समजू नका. आपण गहू चाळले म्हणतो आणि ज्वारी चाळली म्हणतो. तांदूळ निवडले, डाळ निवडली. दाणे दोन्हीकडे ढीगभर, मग गहू अनेक आणि ज्वारी एक का? इंग्रजीतही 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी आहे. धान्याच्या बाबतीत दोन्ही भाषांनी ज्याला जसे पडले तसे ठेवले. लेकीला गहू-ज्वारीचे आधी सांगा, मग 'हेअर'.

'ऑक्सेन' आणि 'शीप' यांचे कारण मात्र इतिहासात आहे, आणि तो सांगायला मला नेहमी आवडते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अनेकवचन करण्याच्या एकच नव्हे, बऱ्याच रीती होत्या, जशा आज मराठीत आहेत. आंबा-आंबे, नदी-नद्या, घर-घरे, सासू-सासवा, आणि लाडू-लाडू. तिकडेही काही नामांना 'अस' लागे, काहींना 'अन', काहींना काहीच नाही, काहींचा मधला स्वर बदले. पुढे 'अस'ची रीत, म्हणजे आजचा एस, उत्तरेकडून पसरत सगळीकडे गेली. दक्षिणेत 'एन'ची रीत बरीच टिकली होती. डोळ्यांना तिथे 'आयेन' म्हणत, बुटांना 'शून'. त्यातला आज रोजच्या वापरात उरलेला निखळ शब्द म्हणजे 'ऑक्सेन'. शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या रोज बोलत राहिला, म्हणून वाचला असे मला वाटते. रोजच्या तोंडातले शब्दच जुनी रीत धरून राहतात. पाहा, इंग्रजीत आजही जुन्या रीतीने अनेकवचन होणारे शब्द कोणते? माणूस, बाई, मूल, पाय, दात, उंदीर, ऊ, हंस, बैल, मेंढी. सगळे घरा-गोठ्यातले.

'चिल्ड्रेन'चे तर दोनदा अनेकवचन झाले आहे. आधी 'चाइल्ड'चे 'चिल्डर'सारखे रूप होते, तेच अनेकवचन. लोकांना ते पुरेसे वाटेना, म्हणून वर आणखी 'एन' जोडला.

'फूट-फीट', 'टूथ-टीथ', 'माउस-माइस' यांत फार जुन्या काळी शब्दाच्या शेवटी 'इ'सारखा प्रत्यय होता. पुढे 'इ' म्हणायची आहे म्हणून जीभ आधीच्या स्वरालाही पुढे सरकू लागली आणि तो स्वर बदलला. नंतर शेवटची 'इ' झडून गेली, बदललेला स्वर मागे राहिला. 'शीप' आणि 'डीअर' ही मूळची नपुंसकलिंगी नामे, त्या गटाला अनेकवचनी प्रत्ययच नव्हता. आपल्या लाडूला कुठे आहे?

'एस' आणि 'एन' या दोन रीतींच्या भांडणाचा एक लेखी पुरावा आहे. इंग्लंडमधले पहिले मुद्रक विल्यम कॅक्स्टन यांनी १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगितला आहे. काही व्यापारी थेम्स नदीतून जहाजाने निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्यावर उतरले. त्यातल्या एकाने एका घरी जाऊन 'एगिज', म्हणजे अंडी मागितली. घरातली बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हते. शेवटी दुसरा म्हणाला, याला 'आयरेन' हवीत. तेव्हा तिला कळले. 'आयरेन' ही दक्षिणेकडची अंडी, 'चिल्ड्रेन'च्याच रीतीची. 'एगिज' उत्तरेकडची, एस लावलेली. कॅक्स्टननी पुढे विचारले आहे की आता माणसाने लिहावे तरी काय, एगिज की आयरेन? तुमच्या लेकीचा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी मुद्रकालाही पडला होता, हे तिला जरूर सांगा.

राहिली कात्री. ज्या वस्तूला दोन जुळी अंगे असतात तिला इंग्रजी अनेक समजते. कात्रीची दोन पाती म्हणून 'सिझर्स', विजारीचे दोन पाय म्हणून 'ट्राउझर्स', चष्म्याच्या दोन काचा म्हणून 'ग्लासेस'. आपण अख्खी वस्तू मोजतो आणि एक कात्री, एक चष्मा म्हणतो. पायजमा तर इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. फारसीत पाय आणि जामा मिळून झालेला शब्द, आपल्याकडे एक पायजमा, दोन पायजमे. त्यांच्याकडे गेल्यावर दोन पाय मोजले गेले आणि 'पायजमाज' झाला. एकच सांगायचा तर 'अ पेअर ऑफ'. लेकीने पायजमा आपल्या घरच्या हिशोबाने लिहिला.

आणि तुमच्या धंद्यातला एक शब्द. 'क्लॉथ' म्हणजे कापड, 'क्लोद्ज' म्हणजे कपडे. मुळात दुसरा शब्द पहिल्याचेच अनेकवचन होता, आता वेगळा झाला. पुसायची फडकी असतील तर 'क्लॉथ्स'. कापड आणि कपडे हा फरक मराठीला जन्मजात कळतो, फार थोड्या ठिकाणी दोन भाषा इतक्या नेमक्या जुळतात.

दहा वेळा लिहून हात दुखतो, कान तयार होत नाही. नियम कानाने शिकवावा. तो पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता डोळे थकले.

टेबल नंबर चार

मी सरकारी कचेरीत आवक-जावक पाहतो. सरांचे वाचून लगेच जुन्या फायली आठवल्या. आमच्याकडच्या इंग्रजी पत्रांत 'फर्निचर्स', 'इक्विपमेंट्स', 'इन्फर्मेशन्स', 'अ‍ॅडव्हायसेस' सर्रास असतात. हे चारही शब्द मोजता न येणारे, एस लागत नाही. खुर्च्या मोजायच्या तर 'पीसेस ऑफ फर्निचर'. दुसरी नेहमीची चूक 'वन ऑफ माय फ्रेंड'. अनेकांपैकी एक, म्हणून तिथे 'फ्रेंड्स' हवे. माझी स्वतःची ही चूक एका साहेबांनी शांतपणे समजावून सांगितली होती, 'मित्रांपैकी एक' असे मराठीत म्हणून बघ म्हणाले. 'मित्रापैकी एक' कोणी म्हणत नाही. त्यानंतर चुकलो नाही.

खडूफळा

टेबल नंबर चार, तुमच्या साहेबांची युक्ती उत्तम. मीही वर्गात वापरली असती.

ताई, आता कानाचा नियम. लिहिताना एस एकच असला तरी तोंडातून तो तीन तऱ्हांनी निघतो. मराठी व्याकरणात संधी शिकताना कठोर आणि मृदू व्यंजने शिकलो होतो ना, तेच इथे कामाला येते. शब्दाचा शेवटचा आवाज क, ट, प, फ असा कठोर असेल तर एसचा उच्चार 'स'. हुक-हुक्स, पॉकेट-पॉकेट्स, झिप-झिप्स, कफ-कफ्स. शेवट मृदू व्यंजनाचा किंवा स्वराचा असेल तर 'ज', पण जाळ्यातला ज, जेवणातला नव्हे. बटन-बटन्ज, थ्रेड-थ्रेड्ज, कॉलर-कॉलर्ज. आणि शेवटी स, श, च किंवा ज यांसारखा घासून निघणारा आवाज असेल तर त्याला लागून आणखी एक स म्हणताच येत नाही, म्हणून मध्ये 'इ' घालून 'इज'. लेस-लेसिज, पॅच-पॅचिज, ड्रेस-ड्रेसिज. स्पेलिंगमध्ये बहुतेक वेळा ईएस येते ते या तिसऱ्या गटात. जीन बर्कोंच्या मुलांनाही हाच गट अवघड गेला होता, तेव्हा लेक इथे अडली तर घाई करू नका.

वायचा नियम तुमच्या दुकानाच्या पाटीवरच आहे. 'लेडी'चे 'लेडीज', वाय गेला आणि आयईएस आला. वायच्या आधी स्वर असेल तर वाय राहतो, 'बॉइज', 'डेज'. आपल्याकडे मात्र 'एक लेडीज आली होती' म्हणतात, म्हणजे अनेकवचन एकवचन म्हणून रुळले. इंग्रजांनी याच्या उलट केले आहे. वाटाण्याला पूर्वी 'पीज' म्हणत आणि ते एकवचन होते. शेवटचा आवाज ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटले, मग एका दाण्यासाठी 'पी' हा नवा शब्द निघाला.

मीठभाकर

मी इंग्लंडमध्ये यॉर्कशरला राहते, नर्स आहे. ताई, तुमच्या लेकीला माझ्या मुलाकडून शाबासकी. तो आठ वर्षांचा, जन्म इथलाच. इंग्रजीत त्याला 'शीप' शिकवावं लागलं नाही, घरामागच्या टेकडीवर दिवसभर चरत असतात. पण मराठीत तो 'दोन हत्त्या' म्हणतो. वही-वह्या, नदी-नद्या, मग हत्ती-हत्त्या. मी पहिल्यांदा चूक सुधारली, नंतर लक्षात आलं की त्याने स्त्रीलिंगाचा नियम स्वतःहून शोधून काढलाय. आजीला व्हिडिओ कॉलवर 'मावश्या' मात्र बिनचूक म्हणाला.

तुमच्या कामाचं एक सांगते. इथे घरात, दवाखान्यात सगळे 'ट्राउझर्स' म्हणतात, पण कपड्यांच्या व्यापारातले लोक 'अ स्लिम ट्राउझर' असं एकवचनही वापरतात. म्हणजे शिवणारी माणसं इथेही अख्खं वस्त्र मोजतात! परीक्षेत मात्र एस लावलेलंच लिहायचं. दुसऱ्या नामाच्या आधी आलं की तो एस गळतो, 'ट्राउझर पॉकेट', 'पायजमा कॉर्ड'.

आणि इथल्या भाजीबाजारात पाट्यांवर साध्या अनेकवचनातही एसच्या आधी वर स्वल्पविरामासारखं चिन्ह दिलेलं दिसतं. ते चूक आहे. ते चिन्ह मालकी दाखवायला, 'मदर'ला लावलं की आईचं. इथल्या माणसांचंही चुकतं, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीला वेळ द्या.

सुईदोरा

सर, मीठभाकरताई, टेबल नंबर चार, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी एकटीने, दुसऱ्यांदा लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. अंड्याची गोष्ट तिने तिसऱ्यांदाही ऐकली.

एक शंका. स्लीव्ह म्हणजे बाही, तिचं 'स्लीव्ह्ज' सरळ होतं. मग 'नाइफ'चं 'नाइव्ह्ज' होतं तसं 'कफ'चं का होत नाही? आणि स्कार्फचं काय? आणि मापाचं, 'थर्टी-टू इंच' की 'इंचेस'?

खडूफळा

छान शंका आहे. जुन्या इंग्रजीत स्वर किंवा मृदू व्यंजन यांच्या मध्ये आलेला एकटा 'फ' मृदू होऊन 'व्ह' व्हायचा. 'वुल्फ', 'लीफ', 'नाइफ' यांना पुढे स्वराचा प्रत्यय लागला की तो फ मृदू व्हायचा, ते आजवर राहिले. कफमध्ये स्पेलिंगला दोन एफ आहेत, असे शब्द सहसा बदलत नाहीत. 'चीफ' फ्रेंचमधून आला, तोही बदलत नाही, म्हणून 'हँकरचीफ'लाही साधा एस. 'रूफ'चेही 'रूफ्स'. स्कार्फचे 'स्कार्फ्स' आणि 'स्कार्व्ह्ज' दोन्ही बरोबर, तुमच्या लेकीने कोणतेही लिहावे.

माप सांगताना 'थर्टी-टू इंचेस'. तेच माप नामाच्या आधी विशेषणासारखे आले की एस नाही, 'अ थर्टी-टू-इंच वेस्ट'. मीठभाकरताईंनी सांगितलेल्या 'ट्राउझर पॉकेट'चीच ही रीत. आणि दीड इंच असेल तरी अनेकवचन, 'वन पॉइंट फाइव्ह इंचेस'. आपण दीडला 'दीड रुपया' असे एकवचन वापरतो, तिथे मुले चुकतात.

सुईदोरा

सर, काल रविवार, दुकान दुपारी बंद केलं आणि काउंटरवर तीन डबे मांडले. एकावर 'स', एकावर 'ज', एकावर 'इज'. दुकानातल्या वस्तू लेकीने एकेक हातात घ्यायच्या, इंग्रजी नाव मोठ्याने म्हणायचं, दोन आहेत असं म्हणायचं आणि आवाज ऐकून डब्यात टाकायचं. लिहायचं काही नाही. हुक, झिप 'स'मध्ये गेले. बटणं, सुया 'ज'मध्ये. लेस हातात घेऊन ती बराच वेळ 'लेस्स' म्हणून बघत होती, मग आपोआप 'लेसिज' निघालं आणि तिचे डोळे चमकले. थ्रेडला दोनदा 'स' म्हणाली, तिसऱ्यांदा कान देऊन ऐकलं आणि रीळ उचलून 'ज'मध्ये ठेवलं.

शेवटी माझी मोठी कात्री उचलली. 'सिझर्ज', असं जाळ्यातल्या ज ने म्हणाली. डबा लहान, कात्री मावेना. तिने ती 'ज'च्या डब्यावर आडवी ठेवली, दोन्ही पाती उघडून बोटाने मोजली आणि म्हणाली, "आई, ही एकच आहे, पण हिची जागा इथेच."